मातीतून निघालेली वस्तू

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात प्रकाशे येथे केलेले भाषण)



कीर्तनाला उभं राहायच्या आधी महाराजांनी आम्हाला थोडा वेळ दिला आहे. तेवढ्यात एकच विषय सांगतो. शेतात, विहिरीत, पडक्या वाड्यात जुन्या धातूची वस्तू सापडली की आपल्याकडे तिचं दोनांपैकी एक होतं. एक तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर जाते, नाही तर गुप्तधन म्हणून घरात लपते आणि तिच्या मागोमाग मांत्रिक घरात शिरतो. वस्तू नेमकी काय होती, हे दोन्हीकडे कळायचं राहूनच जातं.

दायमाबादचं ऐका. नगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे गाव आहे. याच प्रवरेच्या काठी खाली नेवासं, जिथं माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. १९७४ साली दायमाबादला एका भिल्ल बांधवाला झाडाची मुळं खणताना चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक म्हैस, आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात माणूस उभा, आणि पुढं दांडीवर चक्क एक कुत्रा! रथाची लांबी ४५ सेंटिमीटर, आणि चारींचं मिळून वजन ६० किलोच्या वर. साठ किलो धातू, मंडळी! मोडीत घातला असता तर त्या दिवसात गरिबाच्या घरात केवढी रक्कम आली असती. पण वस्तू वाचल्या आणि पुरातत्त्व खात्याकडे गेल्या.

मग ओळख पटवायचं काम सुरू झालं. वस्तू काशाच्या, आतून पोकळ नाहीत, भरीव ओतलेल्या. जनावरांच्या पायाखाली चौथरा आणि त्याला चाकं बसवायची सोय, म्हणजे ओढून चालवायच्या, बहुधा मिरवणुकीच्या. इथवर सोपं होतं. अडलं ते काळापाशी. वस्तू मुळं खणताना निघाल्या, त्यामुळे त्या कोणत्या थरात होत्या हे कुणाला छातीठोक सांगता येईना. पुढं राव साहेबांनी आणि साळी साहेबांनी १९७९ पर्यंत तिथं उत्खनन केलं. ढवळीकर सरांसारख्या अभ्यासकांनी वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरवल्या. दुसऱ्या काहींनी धातू तपासला. त्यात सोमल एक टक्क्याहून जास्त निघाला, आणि त्या काळच्या इतर वस्तूंत तो इतका नसतो, म्हणून त्यांनी शंका घेतली. वाद अजून पुरता मिटलेला नाही. आम्हाला यात विद्वानांचा दोष दिसत नाही. थराची खूणच हाती नव्हती, तर ते तरी काय करणार?

आणि एक गंमत. दायमाबादच्या सगळ्यात खालच्या वस्तीला अभ्यासक ‘सावळदा संस्कृती’ म्हणतात. हे नाव आपल्या तापीकाठच्या सावळद्यावरून पडलं!

आपण बसलो आहोत ते प्रकाशे तरी काय लहान आहे? १९५५ साली इथल्या टेकाडावर थापर साहेबांनी उत्खनन केलं. तळाच्या वस्तीत तांबं आहे, लोखंड नाही. लोखंड त्याच्या वरच्या थरापासून सुरू होतं. म्हणून म्हणतो, वस्तू किती खोल होती आणि शेजारी खापरं कसली होती, हे वस्तूइतकंच मोलाचं.

सापडलेलं सगळं काही हजारो वर्षांचं नसतं, हेही खरं. आपल्या दिंडीच्या जुन्या पेटीत एक लोखंडी कडं होतं, त्याला चहूबाजूंनी वाकडे आकडे. कुणी म्हणे हत्तीचा अंकुश, कुणी म्हणे कंदील टांगायचा. एका आजीबाईंनी हातात घेतलं आणि हसल्या. म्हणाल्या, ‘अरे, हा गळ! विहिरीत पडलेली घागर काढायचा.’ वाटेनं विहिरींचंच पाणी, आणि दोर सुटला की घागर तळाला. शेतात निघणारं लोखंड बहुतेक असंच असतं: मोटेचं कडं, गाडीच्या चाकाची धाव, मोडका फाळ. ते ओळखायला आधी घरातलं म्हातारं माणूस गाठावं, आणि लोहचुंबक लावून पाहावा. तांबं, पितळ, कासं त्याला चिकटत नाही.

पण वस्तू हिरवी झालेली असली तर चिंच लावून घासू नका, बाया. ते जंगाल आणि चिकटलेली माती हाच तिचा दाखला. जागा हलवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि किती हात खोल होती ते लिहून ठेवा.

कायद्याची भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून तेही सांगतो. कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरांना लेखी कळवायचं. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळवलं, चौकशीत कुणी जुना मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जागामालकाचा. सरकारला वस्तू ठेवायची असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन घेता येते. मजुराला सापडलं तर मजुराचं नाव अर्जावर आधी घाला.

म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी अजून धुळ्याची कचेरी येते. १ जुलै १९९८ पासून आपला जिल्हा वेगळा आहे, अर्ज नंदुरबारलाच द्यायचा.