टर्बो जगतो तो तेलावर



'टर्बोची गाडी किती टिकते?' हा प्रश्न सेकंडहँड गाडी बघायला निघालेला प्रत्येक जण विचारतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या पीटर गिल्बर्ट या फिरत्या विक्रेत्याने १९८९ची टर्बो साब दहा लाख मैलांच्या पुढे नेली; ती आता संग्रहालयात आहे. मात्र त्याचा पल्ला लांबचा असे. आपण निघतो दूध आणायला.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली टर्बोचं पेटंट घेतलं, त्यातली कल्पना साधी होती: वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची. आपल्याकडे ती घरोघरी नेली फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेट डिझेलने. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टातही तेच. आपल्या रांजणगावातही ते बनायचं.

छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, आणि बहुतेक टर्बोंत तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. उष्णता वाहून नेण्याचं कामही त्याच तेलाकडे. आता बघा, गाडी भरलेली, एसी चालू, खोपोलीहून बोरघाट दामटत चढलात आणि लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर लगेच चावी फिरवलीत. ऑइल पंप थांबला. आत अडकलेलं तेल कढईतल्या फोडणीसारखं करपतं, त्याचा कार्बन बारीक वाटांत साचतो. तिथे मिनिटभर इंजिन चालू ठेवा. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच-पाच मिनिटं गाडी घुरघुरत ठेवणाऱ्यांनी शेजाऱ्यांवर दया करावी; शेवटचा किलोमीटर रमतगमत आलात, तेवढ्यात टर्बो निवलेला असतो.

खरा घोळ ऑइल बदलण्याच्या हिशेबात आहे. मॅन्युअलमध्ये 'खडतर वापर' असा मजकूर असतो. तो वाळवंटासाठी असावा असं समजून आपण पान उलटतो. नीट वाचा: धूळ, छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये रखडणं. हे तर पुण्यातलं रोजचं ऑफिसला जाणं झालं! छोट्या फेरीत तेल पुरतं तापत नाही, त्यात उतरलेलं इंधन आणि पाणी उडून जात नाही. माझं मत स्पष्ट आहे: शहरातल्या टर्बो गाडीचं ऑइल छापील मुदतीच्या निम्म्यावर बदलावं. मल्टिजेटसारख्या इंजिनात टायमिंग चेनही त्याच तेलावर चालते. आणि डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-३० बघू नका. कंपनीने सांगितलेलं स्पेसिफिकेशन जुळायला हवं. नव्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल टर्बोंत कमी आरपीएमवर जोर दिला की इंधन वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो. ऑइलच्या २०२०च्या एपीआय एसपी दर्जात त्याचीही चाचणी आहे.

एवढं करूनही टर्बो गेलाच, तर आधी कारण शोधायला लावा. ऑइलचा पाइप कार्बनने चोंदलेला असेल, तर नवा टर्बोही उपाशीच मरेल. पाइप बदला, ऑइल-फिल्टर बदला, टर्बोत थोडं तेल भरा आणि मगच स्टार्टर मारा.