विरजणाचा खर्च

वेळ थोडा आहे, म्हणून थेट पैशावरच येते.

अत्याचार सोसलेल्या महिला-मुलांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना तुम्हांला ठाऊक आहे. २ ऑक्टोबर २०१३ पासून महाराष्ट्रात चालू आहे, मदतीची मर्यादा पुढे दहा लाखांवर गेली. केंद्र सरकारचा महिलांच्या सुरक्षेसाठीचा निर्भया निधी त्याच वर्षीचा, १००० कोटींनी सुरू झालेला. त्यातूनच जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रं आली. म्हणजे दूध घरात आलेलं आहे, बरं का.

पण नुसतं दूध आलं म्हणून दही लागतं का? चमचाभर विरजण लागतं. अत्याचार सोसलेल्या मुलीशेजारी बसणारी समुपदेशिका म्हणजे ते विरजण. आणि पातेलं हलवायचं नसतं! इथे मात्र मुलीला ठाण्यातून दवाखान्यात, दवाखान्यातून कोर्टात, प्रत्येक ठिकाणी तेच पहिल्यापासून सांगायला लावतात. सगळं एका छताखाली, ही ‘सखी’ची कल्पना त्यासाठीच होती.

मी अशा एका ‘सखी’ केंद्रात गेले होते. नाव सांगत नाही. पलंग नवे, कपाट नवं, संगणकावर अजून प्लास्टिक. समुपदेशिकेचं चार महिन्यांचं मानधन थकलेलं. आदल्याच दिवशी ती एका मुलीसोबत तारखेला गेली होती, एसटीनं, पदरचं तिकीट काढून. पलंगाला पैसे असतात, तिकिटाला नसतात. रागावू नका, पण हे असंच आहे.

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं. धनादेश मिळतो आणि संपतो, खटला मात्र वर्षानुवर्षं चालतो. तेवढा काळ टिकणारं माणूस हवं, अन् आपण ते कंत्राटावर ठेवतो. विरजण कालच्या दह्यातूनच राखावं लागतं. जुनी बाई सोडून गेली, की नवीला शिकवणार कोण? पण हे टिकवता येतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरी मार खाल्लेल्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र ‘सेहत’ संस्थेनं महापालिकेबरोबर सुरू केलं, आणि पुढे महापालिकेनं ते स्वतःकडे घेतलं. म्हणजे जमतं. मनात आणलं की जमतं.

खासगी रुग्णालयांनाही पीडितेवर मोफत उपचार करणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्याबद्दल बोलायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. असो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवा. आणि आमदार दारी आले, की एवढंच विचारा: आपल्या केंद्रातल्या बाईंचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंतचं झालंय?