उतारवय, खांदा आणि एक घास
(मंडळाच्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. फायलींत आयुष्य घालविलेला सरकारी नोकर. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर, एकाहत्तराव्या वर्षी ही शस्त्रक्रिया झाली.

तिचा खांदा दुखू लागला तेव्हा ‘वय झाले, खांदा जखडला’ असे म्हणत आम्ही तेल चोळीत बसलो. कळ रात्री झोपेतून उठवू लागली, तेव्हा कोठे क्ष-किरण चित्र काढले. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला गाठ होती. उतारवयात हाडात आढळणारा कर्करोग पुष्कळदा स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड अशा अन्य अवयवांतून आलेला असतो. अक्काची गाठ मात्र हाडातच उपजलेली, कूर्चेच्या जातीची. अशी गाठ औषधांना वा किरणांना फारशी दाद देत नाही. ती समूळ काढावीच लागते.

पूर्वी अशा वेळी पुष्कळदा हातच काढीत. आता शक्य तेथे रोगग्रस्त हाड काढून धातूचा सांधा बसवितात. १८९३ मध्ये पॅरिसच्या ज्यूल पेआं यांनी क्षयाने पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम व रबर यांचा सांधा बसविला होता; जंतुसंसर्गामुळे तो दोनेक वर्षांनी काढावा लागला. पुढे १९८५ मध्ये फ्रान्समध्येच पॉल ग्रामों यांनी निसर्गाची रचना उलटी केली: चेंडू खवाट्यावर, वाटी दंडावर. गाठीबरोबर खांदा फिरविणारे लहान स्नायू बहुधा गमवावे लागतात; या उलट्या सांध्यात हात उचलण्याचे काम खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू करतो. मात्र तो स्नायू आणि त्याचा मज्जातंतू शाबूत हवा. सांधा निखळण्याची व जंतुसंसर्गाची भीतीही असतेच.

‘या वयात कशाला हा खटाटोप?’ असे घरात सर्वांनी विचारले, मीही विचारले. अक्का म्हणाली, ‘‘अरे, हात वर नाही गेला तरी चालेल. माझा घास मला घेता आला, म्हणजे झाले.’’

आज फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. पण ती स्वतः जेवते, वाती वळते, देवापुढे हात जोडते. शस्त्रक्रियेचे यश हात किती अंश वर जातो यावर मोजायचे, की माणूस किती परावलंबी राहिला यावर, याचे उत्तर मला त्या एका घासात मिळाले.

घरातील वडीलधाऱ्यांच्या रात्रीच्या दुखण्याला केवळ वयाचे नाव देऊ नका, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.