दुभाष्याच्या शोधात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीनं कवितेवर बोलावं असा एक संकेत आहे. आज मी तो मोडणार आहे. मी बोलणार आहे लॅपटॉपच्या पोटातल्या एका कार्डाबद्दल. काडेपेटीहून लहान असतं ते. तारेशिवाय इंटरनेट येतं ते या कार्डामुळं. असं एक कार्ड चालू व्हावं म्हणून माझ्या भाचीनं अकरा दिवस जी खटपट केली, तिचा मी साक्षीदार आहे. खटपट सगळी तिची, चहा तेवढा माझा.

माझी धाकटी बहीण सोलापुरात साड्यांना पिको-फॉल करते. तिची मुलगी बी. कॉम. झाली आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं म्हणाली. ही परीक्षा संगणकावर असते. सराव मोबाइलच्या बोटभर पडद्यावर करायचा आणि परीक्षा मात्र मोठ्या पडद्यासमोर द्यायची, म्हणजे विहिरीत पोहायला शिकून एकदम कृष्णेच्या पुरात उडी घेण्यासारखं. नात्यातल्या एका मुलानं पुण्याला नोकरी लागल्यावर आपला जुना लॅपटॉप तिला देऊन टाकला. दहा-बारा वर्षांचा असेल. त्यात विंडोज १० होतं. त्या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि अकराव्या आवृत्तीला जी सुरक्षा-चिप लागते ती या म्हाताऱ्याकडं नव्हती. शिवाय तो चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. अभ्यासिकेतला एक मुलगा म्हणाला, ‘ताई, लिनक्स टाका. फुकट आहे आणि जुन्या मशीनवरही पळतं.’

तिनं टाकलं, आणि खरंच पळायला लागलं. पडदा लख्ख, आवाज येतोय, मराठी अक्षरंसुद्धा कुठं न मोडता दिसताहेत. फक्त इंटरनेट नाही. तिनं मला फोन केला. आमच्या घरात दखनी बोलतात. ती म्हणाली, ‘मामू, सब है, वायफायच नै दिखरा.’

आता हे नेमकं काय झालं होतं? ड्रायव्हर म्हटलं की माझ्यासारख्याला एसटी आठवते. संगणकातला ड्रायव्हर मात्र काही हाकत नाही. तो दुभाषा असतो. कार्डाची भाषा वेगळी आणि ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीची, भाषा वेगळी. दोघांच्या मध्ये हा बसतो आणि इकडचं तिकडं सांगतो. तो नसेल तर कार्ड कितीही चांगलं असो, मुकंच. कार्ड बनवणारा विंडोजसाठी दुभाषा लिहून देतो, कारण गिऱ्हाईक तिकडं असतं. लिनक्ससाठी काही कंपन्या मनापासून लिहितात, काही अर्धवट लिहितात आणि काही लिहीतच नाहीत. वर आपल्या कार्डाचं व्याकरणही कुणाला दाखवत नाहीत.

मी तिला घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्यानं लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही. ‘चाचा, लिनक्स आपल्या कामाचं नाही. नवीन घ्या, हप्ते बांधून देतो.’ हप्ता त्यानं कागदावर लिहून दिला. बहिणीच्या मशीनवर तेवढ्यासाठी किती साड्या सरकाव्या लागतील, याचा हिशेब मी परत येताना रिक्षात करत होतो. भाची खिडकीबाहेर बघत होती. मग कुणाकडून तरी यूएसबीला लावायचं छोटं डोंगल मागून आणलं. ते लावल्यावर कळलं की या पाहुण्यालाही स्वतःचा दुभाषा हवाच आहे!

पहिले चार दिवस तिनं एक चूक केली, आणि ती चूक बहुतेक जण करतात. लॅपटॉपच्या पाठीवर लिहिलेलं मॉडेल घेऊन ती ड्रायव्हर शोधत होती. पण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपांत वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं बसवलेली असतात. कारखान्यात त्या वेळी जे हाताशी असेल ते. तिनं तीन फायली उतरवल्या, तिन्ही विंडोजच्या. पाचव्या दिवशी अभ्यासिकेतल्या त्याच मुलानं सांगितलं की पाठ वाचू नका, पोट विचारा. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ नावाची आज्ञा आहे. ती दिली की आत बसलेली एकेक वस्तू आपलं नाव सांगते. तिला ‘एनएन’ ही पुस्ती जोडली की नावासोबत क्रमांकही येतो. चार अक्षरं कंपनीची, चार अक्षरं वस्तूची. हे क्रमांक सोळाच्या पाढ्यातले असल्यामुळं त्यांत आकड्यांबरोबर ए, बी, सीही डोकावतात. इंटेल कंपनीचा क्रमांक आहे ८०८६. हाच आकडा तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाही होता. क्रमांकातही वंशावळ जपावी अशी हौस त्यांनाही असते, याचा मला मोठा आनंद झाला. ब्रॉडकॉमचा क्रमांक चौदा-ई-चार. भाचीनं आपल्या कार्डाचा क्रमांक गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि खाली रेघ मारली. नवी कोरी माणसं भेटल्यावर आपण आधी आडनाव विचारतो ना, तसं हे.

इथं थोडं थांबून एक जुनी गोष्ट सांगतो. १९८० च्या सुमाराची. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुण प्रोग्रामरला वाटलं, प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एवढी दुरुस्ती करावी की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाईल. आधीच्या प्रिंटरला त्यानं हे केलंही होतं. पण नव्या प्रिंटरचा मूळ मजकूर त्याला मिळेना. ज्या प्राध्यापकाकडं तो होता, त्यानं कुणाला न देण्याचा करार केला होता. ही ठेच स्टॉलमनला लागली, आणि १९८३ मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला. त्या गाभ्याला कर्नेल म्हणतात, फौजेतल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही. म्हणजे पाहा, या चळवळीच्या मुळाशीच एक न मिळालेला दुभाषा आहे.

वायरलेस कार्डांचं दुखणं त्याच जातीचं. २००० नंतरच्या काही वर्षांत ब्रॉडकॉमची कार्डं पुष्कळ लॅपटॉपांत होती आणि त्यांची माहिती बाहेर कुणाला दिलेली नव्हती. काहींनी विंडोजचाच दुभाषा उचलून लिनक्सच्या घरात बसवायची युक्ती काढली. काम भागायचं, पण पाहुणा काय बोलतोय ते घरच्यांना कळायचं नाही. दुसऱ्या काही स्वयंसेवकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी दोन तट पाडले. एका तटानं कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून कार्डाशी काय बोललं जातं ते तपासलं आणि साध्या भाषेत व्याकरण लिहून काढलं. दुसऱ्या तटानं मूळ ड्रायव्हरकडं पाहायचंच नाही. फक्त ते व्याकरण वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा. चोरीचा आळ येऊ नये म्हणून हे सोवळं. तो ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. सप्टेंबर २०१० मध्ये खुद्द ब्रॉडकॉमनंच आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला.

मला हे वाचताना माझीच आठवण आली. घरात दखनी, मदरशात उर्दू-अरबीची अक्षरं, आणि शाळेत मराठी. पहिलीत बाई काय बोलतात ते मला निम्मं कळायचं. मी त्यांच्या ओठांकडं बघून व्याकरण बांधत गेलो. आजही संमेलनात कुणी कौतुकानं म्हणतं, ‘तुमचं मराठी फार छान आहे हो!’ मी हसतो. दुसऱ्या पिढीचा सोलापूरकर असलेल्या शेजाऱ्याला हे कुणी म्हणत नाही. असो, विषय कार्डाचा आहे.

ड्रायव्हरखेरीज आणखी एक चीज लागते, फर्मवेअर. ती कार्डाच्या आत जाऊन बसणारी कंपनीची छोटी फाइल. ड्रायव्हर खुला असला तरी ही बंद असते. डेबियन हा लिनक्सचा एक जुना परिवार, १९९३ पासूनचा. त्यांचा बाणा असा की आमच्या मूळ चकतीत बंद काहीही ठेवणार नाही. तत्त्व पटतं. पण चकती बसवावी आणि वायफाय मुकं, अशी अनेकांची गत व्हायची. २०२२ मध्ये त्यांनी आपसात मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशी फर्मवेअर बसवण्याच्या चकतीतच दिली. काही निष्ठावंतांना ते रुचलं नाही. मी त्यांचा आदर करतो, पण माझं मत बारावीच्या बाजूनं आहे. पिको-फॉलच्या मशीनशेजारी बसलेल्या मुलीला तत्त्वाची फाइल उघडून दाखवता येत नाही.

आमच्या भाचीच्या कार्डाचा प्रकार आणखी निराळा निघाला. त्याचा ड्रायव्हर गाभ्यात नव्हताच. त्याचा मजकूर वेगळा मिळत होता आणि तो आपल्या यंत्रावर, आपल्या कर्नेलशी जुळवून, बांधून घ्यायचा होता. त्यासाठी इंटरनेटवरून साहित्य उतरवायचं. म्हणजे इंटरनेट यावं म्हणून आधी इंटरनेट पाहिजे! यावर उपाय साधा आहे: मोबाइल चार्जिंगच्या तारेनं लॅपटॉपला जोडायचा आणि फोनचं नेट तारेतून द्यायचं. याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. घरात कामाचा फोन एकच, बहिणीचा, आणि त्यावर गिऱ्हाइकांचे निरोप येतात. म्हणून हे काम रात्री दहानंतर. मी गच्चीवर फोनला रेंज मिळते का बघत उभा राही, आणि ती पडद्यावरच्या इंग्रजी ओळी ओठ हलवत वाचत असे.

नवव्या रात्री ड्रायव्हर बांधून झाला. एकही चूक नाही. आणि कार्ड? मुकंच. तिनं लॅपटॉप मिटला. ‘मामू, बेच डालो इसकू,’ म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. मी काय बोलणार? मला पुस्तकाचा प्रकाशक मिळवण्याचा अनुभव आहे, कर्नेलचा नाही. मी म्हटलं, ‘बेटा, उद्या एकदा बघ. नाहीच झालं तर विकू.’

दुसऱ्या दिवशी तिला तो निरोप सापडला: किल्ली नाकारली. नव्या काळच्या लॅपटॉपांत एक दारवान असतो, सिक्युअर बूट त्याचं नाव. ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर तो आत सोडत नाही. घरी बांधलेल्या ड्रायव्हरवर घरचीच सही करायची आणि ती सही दारवानाच्या वहीत नोंदवायची, असा मार्ग आहे. नोंदवायचा निळा पडदा मात्र यंत्र पुन्हा चालू होताना एकदाच येतो आणि दहा सेकंदांत कुणी कळ दाबली नाही तर निघून जातो. पहिल्या वेळी ती पाणी प्यायला उठली होती. दुसऱ्या वेळी आम्ही दोघं पडद्यापुढं दबा धरून बसलो.

अकराव्या संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन अभ्यासिकेत गेली. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटली आणि खाली शेजारपाजारच्या वायफायची नावं ओळीनं आली. त्यांत एकाचं नाव होतं ‘पासवर्ड मागू नये’. तिनं पहिली सराव परीक्षा त्याच रात्री सोडवली. अभ्यासिका दहाला बंद होते. रखवालदारानं तिला सव्वादहापर्यंत बसू दिलं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांना एक सांगतो, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लिनक्स कायमचं बसवण्याआधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. तेव्हाच वायफाय लागतं का पाहा. नसेल लागत तर क्रमांक टिपून घ्या, आणि मगच पुढचं ठरवा. लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बटण असेल तर तेही तपासा. एका गृहस्थांनी दोन दिवस ड्रायव्हर शोधला आणि बटणच बंद होतं.

दीड महिन्यानं कर्नेलची नवी आवृत्ती आली आणि वायफाय पुन्हा गेलं. जुना ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळेना. मी घाबरून फोन केला. ती शांत होती. ‘पुराने कर्नेल पे चालू करली मैं, मामू. नया ड्रायव्हर आये तक वोच रखती.’ यंत्र सुरू होताना जुना गाभा निवडायची सोय असते, ती तिला ठाऊक झाली होती.

आता अभ्यासिकेतली मुलं आपले लॅपटॉप तिच्याकडं आणतात. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सात क्रमांक झाले आहेत. परीक्षेचा निकाल यायचा आहे. बहिणीची तक्रार एवढीच की रोज सकाळी तिचा फोन उतरलेला असतो आणि चार्जिंगची तार सापडत नाही.