मूळ कागद पाहिलात काय?



विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोध कसा घ्यावा, या विषयावर बोलण्यास संयोजकांनी आमच्यासारख्या कामगार कार्यकर्त्यास बोलाविले, याचे आपणांस नवल वाटले असेल. आम्हांसही वाटले. आमची शाळा दहावीपाशीच संपली. पुढचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु पुराव्यावाचून बोलण्याची किंमत काय असते, हे आम्ही फार महागात शिकलो आहोत.

लातूरकडील एका तेलगिरणीने अकरा कामगार कमी केले. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगारास नोटीस व भरपाई दिल्यावाचून काढता येत नसे. पगारी रविवार धरले तर दिवस भरत होते, न धरले तर नव्हते. आम्ही एका पुस्तिकेतून निकालाचा दाखला उतरविला आणि ठणकावून मांडला. समोरच्या वकिलांनी मूळ निकाल उघडला. पुस्तिकेने वाक्य अर्धेच छापले होते! आम्ही हरलो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अमेरिकन एक्सप्रेसच्या कामगारांच्या खटल्यात पगारी सुट्या धराव्यात असे सांगितले होते. तो निकाल आम्हांस पुढे सापडला, पण तोवर वेळ गेली होती. त्या अकरांपैकी एक म्हातारबुवा एवढेच म्हणाले, "भाऊ, त्यो कागद तुम्ही सोताच्या डोळ्यानं बघितला होता का?"

विद्यार्थी मित्रहो, संशोधनाचे सारे शास्त्र या एका प्रश्नात आहे.

आता व्यवहाराचे बोलू. पहिली गोष्ट नावांची. समजा, लातूरच्या कामगारांचा इतिहास लिहावयाचा आहे. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. त्यापूर्वीची माहिती उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या नावाखाली शोधावी लागेल. १९४८ च्या मागे गेलात की हैदराबाद संस्थान आले. दप्तर बरेचसे उर्दूत, आणि साल फसली. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, हे ठाऊक नसेल तर हाती आलेला कागदही परत ठेवाल. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरात आपले नांदेड 'नांदेर' आहे. एकच नाव शोधून "काहीच मिळाले नाही" असे म्हणणे म्हणजे एकाच दारावर थाप मारून गाव ओस आहे म्हणण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट कपाटाची. ड्यूईच्या दशांश पद्धतीत श्रमाचे अर्थशास्त्र ३३१ या अंकाखाली असते. हवे ते पुस्तक मिळाले की त्याचे शेजारीही चाळा. मग पुस्तकाच्या तळटिपा वाचा. लेखक ज्या वाटेने आला ती वाट तेथे दिसते. तिने मागे जा, मूळ कागदापर्यंत. 'शोधगंगे'वर देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या वाचता येतात. पण दुसऱ्याच्या प्रबंधातील दाखला हा शेवटी दुसऱ्याने पाहिलेला दाखला होय.

तिसरी गोष्ट टिपणाची. पुस्तक, आवृत्ती, साल, पान हे आधी लिहा, मजकूर मागून. दुसऱ्याचे शब्द अवतरणात ठेवा. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, म्हणून दहा टक्के चोरी करावी असा अर्थ काढणारे आम्हांस भेटले आहेत. कामगाराच्या घामाची चोरी आणि लेखकाच्या श्रमाची चोरी, आम्हांस तरी एकाच जातीच्या वाटतात.

आणि ग्रंथपालांस विचारावयास लाजू नका. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचा चौथा नियम म्हणून सांगितला आहे. विचारणाऱ्याचाच वेळ वाचतो. आम्ही पहिल्यांदा विचारले तेव्हा घशाला कोरड पडली होती. त्या गृहस्थांनी मात्र खुर्ची पुढे केली.

१९९४ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठास ज्यांचे नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ संस्थानात येण्यापूर्वी ना. म. जोशींबरोबर कामगारांत काम करीत होते. तेव्हा ग्रंथालय आणि कामगार यांचे नाते आम्ही ओढूनताणून जोडीत नाही. आपल्यांतील कोणी उद्या वकील होईल, कोणी अधिकारी, कोणी पत्रकार. आपण लिहिलेल्या एका ओळीवर कोणाची तरी भाकरी अवलंबून राहील. ती ओळ लिहिण्यापूर्वी त्या म्हातारबुवांचा प्रश्न स्वतःस विचारा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.