लेकरू परगावी शिकायला जातं तेव्हा

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीच्या साचेखात्यात तीस वर्षे काढलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत; पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि मोर्चात. तेव्हा विद्वत्तेचं बोलणार नाही, घरचं सांगतो.

२०२२ साली माझ्या मुलीला अमरकंटकच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठात प्रवेश मिळाला. नर्मदा उगम पावते तो हा मुलूख. कल्याणहून बिलासपूर, तिथे गाडी बदलून पेंड्रा रोड, पुढे मोटारीने. भोवती सालाचं जंगल, बोलणं सगळं हिंदीत, आणि थंडी अशी की चाळीत वाढलेल्या पोरीने कधी पाहिली नव्हती.

रोज रात्री फोन व्हायचा. आई विचारायची, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "जेवले." पहिल्या सुट्टीत घरी आली ती निम्मी होऊन. मग आईजवळ बोलली. शिष्यवृत्तीचा अर्ज एका कचेरीत पडून होता. हातातले पैसे संपत आले, म्हणून रात्री चहा-बिस्किटावर काढत होती. गोंड समाजाच्या एका मैत्रिणीने सणाला आपल्या गावी नेलं, तेवढे दोन दिवस पोटभर जेवली. माझी गिरणी २०२० साली थांबली. घरची ओढाताण तिला ठाऊक, म्हणून खोटं बोलली. मी मात्र रोज अभ्यासाचंच विचारत होतो. मेसचं बिल भरलं का, हे एकदाही विचारलं नाही. चूक माझी.

बांधवांनो, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांनाही लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. १९२० साली ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज यांच्या बळावर. हुशारी कमी नव्हती, पैसा वेळेवर नव्हता. आजही अडतं ते तिथेच.

म्हणून माझी सूचना आहे. आपण घरटी दरमहा ५० रुपये काढू. परगावी शिकणाऱ्या प्रत्येक लेकराला पहिल्या सहा महिन्यांचा जेवणखर्च बिनव्याजी देऊ. शिष्यवृत्ती आली की त्याने परत करावा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला जाईल.

आणि मुलांनो, उपाशीपोटी "जेवलो" म्हणू नका. मागायला लाजू नका. माझ्या मुलीने शिक्षण सोडलं नाही, पण कुणी सोडण्याची वेळ आपण येऊ देता कामा नये.

माझे ५० रुपये हे इथे ठेवतो. जयभीम!