घरातली मारहाण : कुणाची गोष्ट?



मी सहावीत होतो तेव्हाची एक आठवण आधी सांगतो. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेजारी एक माळवदाचे घर होते. रात्री त्या जाड भिंतीपलीकडून मारल्याचा, रडण्याचा आवाज येई. आजी म्हणे, "झोप रे लेकरा. नवराबायकोचं हाय ते, आपण मधी पडू नाही." सकाळी शेजारच्या काकू हापशावर येत, त्या पदर कपाळावर ओढून. कुणी विचारले तर म्हणत, "काही नाही बाई, चौकट लागली." माळवदाच्या घरांची दारे ठेंगणी असतात, हे खरे. पण ती चौकट काकूंनाच लागे, काकांना कधी लागली नाही. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. बोलत मात्र कुणीच नव्हते. त्या न बोलणाऱ्यांत आमचेही घर होते.

आपण म्हणाल, असे एखादे घर प्रत्येक गावात असायचेच. एखादे नव्हे, श्रोतेहो. २०१९ ते २०२१ या काळात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी शंभरांत २५ जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा शरीराची जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा २१ होता. आणि हे झाले सांगितलेले. देशभरात मारहाण वा जबरदस्ती सोसलेल्या शंभर बायांपैकी मदत मागितली ती अवघ्या १४ जणींनी. ७७ जणींनी तर कुणाजवळ शब्दसुद्धा काढला नव्हता.

हे कोणत्या घरात जास्त घडते? पाहणी सांगते, नवरा वारंवार दारू पिऊन झिंगत असेल, तर शंभरांत ७० बायांना हे सोसावे लागते. न पिणाऱ्यांच्या घरी हाच आकडा २३ आहे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायांत मार खाल्लेल्या शंभरांत ४०, तर बारावी व त्यापुढे शिकलेल्यांत १८. लहान वयात लग्न झालेली पोर सासरी तोंड उघडू शकत नाही. आपल्याकडे कंधार, मुखेड, जळकोट या भागांतून माणसे ऊसतोडीला जातात. तिथे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि दोघांच्या घामाची उचल नवऱ्याच्या हाती पडते. ज्या बाईच्या हाती स्वतःचा पैसा नाही, ती उठून जाणार कुठे?

मग दोष दारूचा, की गरिबीचा? थोडा विचार करून बघा. कितीही प्यालेला गडी सावकारावर हात टाकत नाही. त्याचा हात उठतो तो घरी आल्यावर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तो दुष्काळ बाईवरही आलाच होता. हंडा तर तिच्याच डोक्यावर होता. तिने कुणाला मारले? दारू आणि कर्ज आगीत तेल ओततात, हे खरे. पण मूळ आग आहे ती एका समजुतीची : बायकोला मारणे हा नवऱ्याचा हक्कच आहे. याच पाहणीत देशातल्या शंभरांत ४५ स्त्रियांनी आणि ४४ पुरुषांनी, कोणत्या ना कोणत्या कारणासाठी नवऱ्याने मारले तर ते योग्य, असे म्हटले. कारणे तरी कसली? स्वयंपाक बिघडला, न सांगता बाहेर गेली, सासूसासऱ्यांचा मान राखला नाही!

गुरुजनहो, ही समजूत लेकरू घरातच शिकते. आईला मार खाताना पाहणारा मुलगा मारायला शिकतो, मुलगी सोसायला शिकते. वर्गात एकाएकी गप्प झालेले, वरचेवर गैरहजर राहणारे पोर दिसले, तर छडीऐवजी दोन मायेचे शब्द आधी वापरा. आणि मुलीचे नाव दहावीपूर्वी पटावरून कमी होऊ देऊ नका.

कायद्यानेही ही आता केवळ घरची गोष्ट राहिलेली नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे खबर कुणीही देऊ शकतो, शेजारीसुद्धा. आणि सद्हेतूने खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन आहे. जिवावर बेतले असेल, तर ११२.

मात्र एक सांभाळा. तावातावाने त्या घरी जाऊन नवऱ्याला जाब विचारलात, तर रात्री तो मार तिलाच बसेल. आधी तिला एकटीला गाठून विचारा, तिला काय हवे ते ऐका आणि हा नंबर तिच्या कानावर घाला.

त्या काकू आज हयात नाहीत. त्यांना खरे विचारायला कुणी गेले नाही. आपल्या गल्लीतल्या कुणा माउलीला उद्या चौकट लागली, तर श्रोतेहो, आपण तरी जाल ना?